सव्वाशे डॉलरचं गाणं

(पडद्यावर: काळी तबकडी फिरते आहे. सुई टेकते. थोडी खरखर, मग स्टील गिटारचा लांबलेला सूर.)

३ मे १९५२. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर. तीन मुलांची आई असलेली बत्तीस वर्षांची एक बाई माइकसमोर उभी आहे. हातात आलेलं गाणं खूप चालेल, अशी काही तिची समजूत नाही. पण कलावंतांच्या युनियनने ठरवलेल्या दराप्रमाणे या रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळणार आहेत, आणि घरात तेवढे पैसे हवेच आहेत. म्हणून ती आली आहे.

रेकॉर्डवर तिचं नाव किटी वेल्स. घरचं नाव म्यूरिएल.

(पडद्यावर: टेक्सासमधला जुना रस्ता, रस्त्याकडेचा लाकडी बार, बाहेर उभे ट्रक.)

त्या दिवशी काय घडलं हे कळायला आधी हाँकी टाँक म्हणजे काय ते पाहावं लागेल. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली. टेक्सासमध्ये, आसपासच्या राज्यांत, तेलविहिरींवर काम करणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांजवळ, गावाच्या हद्दीबाहेर बार उभे राहिले. तेच हाँकी टाँक. स्वस्त बिअर, नाचायला थोडी जागा आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. नाणं टाकायचं, गाणं ऐकायचं. पगाराच्या रात्री तिथे इतका कल्ला असायचा की साध्या गिटारचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचत नसे. म्हणून गिटार विजेवर आली. सोबत फिडल, आणि ती आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार. तिच्या तारांवरून धातूची कांडी सरकवली की सूर एका जागेवरून दुसरीकडे ओघळत जातो. आपल्या कानाला मींडच वाटते ती.

गाणीही बदलली. कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावाकडच्या गाण्यांत, तोवर डोंगरातलं घर, आई, देवळातली भजनं यांना मोठा मान होता. आता दारू आली, घटस्फोट आला, फसवणूक आली. अर्नेस्ट टब, हँक विल्यम्स, लेफ्टी फ्रिझेल. ज्यूकबॉक्सवर नावं पुरुषांची, आणि त्यांच्या गाण्यांतली बाई बहुतेक वेळा सोडून गेलेली.

(पडद्यावर: रेल्वेचं यार्ड. मग शर्टांच्या कारखान्यातल्या इस्त्रीच्या ओळी.)

म्यूरिएल डीसनचा जन्म नॅशव्हिलचाच, ३० ऑगस्ट १९१९ चा. वडील रेल्वेत ब्रेकमन, हौसेने गिटार वाजवायचे. लेकीला ती त्यांनीच शिकवली. आई भजनं म्हणायची. मंदीच्या दिवसांत शाळा सुटली आणि पोर शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीला लागली. बहिणींबरोबर स्थानिक रेडिओवर थोडं गाणं व्हायचं, तेवढंच.

१९३७ साली तिने जॉनी राइटशी लग्न केलं. जॉनी स्वतः गायक. पुढे जॅक अँग्लिनबरोबर त्याची 'जॉनी अँड जॅक' ही जोडी जमली. किटी वेल्स हे नाव बायकोला जॉनीनेच दिलं, एका जुन्या लोकगीतातून उचलून. दौऱ्यावर ती नवऱ्याच्या कार्यक्रमात मध्येच येऊन दोन-तीन गाणी म्हणायची आणि बाजूला व्हायची. पुढे आरसीए कंपनीने तिच्या काही तबकड्या काढल्या, त्या खपल्या नाहीत. बाईची रेकॉर्ड विकली जात नाही, अशी या धंद्यात पक्की समजूत होती. ती जणू खरीच ठरली. किटी घरात रमली.

(पडद्यावर: ज्यूकबॉक्समध्ये पडणारं नाणं.)

१९५२ मध्ये हँक थॉम्पसनच्या एका गाण्याने धुमाकूळ घातला. बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पंधरा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला पुरुष तक्रार करतो: बायको घर सोडून बारच्या झगमगाटात गेली, आणि अशा 'हाँकी टाँक एंजल', बारमध्ये रमणाऱ्या बायका, देवानेच घडवल्या असतील हे मला ठाऊक नव्हतं.

तमाशाच्या फडात सवाल टाकला की जवाब यावाच लागतो. इथे तो जे. डी. मिलर या लुइझियानातल्या माणसाने लिहिला. गाण्याचं नाव, 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स'. देवाने नाही घडवलं यांना. लग्न झालेले पुरुष आपण अजून सडेच आहोत असं समजून वागतात, आणि चांगल्या घरच्या मुली त्यापायी वाट चुकतात. दोष नेहमी बाईच्याच माथी का? गंमत म्हणजे चालही तीच, थॉम्पसनच्या गाण्याची. थॉम्पसनकडेही ती जुन्या गाण्यांतूनच आलेली. पुरुषाने ज्या सुरात आरोप केला, त्याच सुरात उत्तर.

(काही क्षण फक्त गाणं.)

ऐका, ती कशी गाते. आवाज चढत नाही. हुंदका नाही, टोमणा नाही. थोडा नाकातला, सरळ, घरात भांडी आवरताना म्हणावं तसा सूर. मला तर वाटतं, हेच शब्द कुणी तावातावाने म्हटले असते तर ते एका रात्रीचं भांडण होऊन विसरले गेले असते. इथे आपल्यासमोर साक्ष देणारी बाई आहे.

एनबीसी रेडिओने या गाण्यावर बंदी घातली. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमातही सुरुवातीला ते म्हणू देईनात. बंदी गाण्याला अडवू शकली नाही. गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि सहा आठवडे तिथेच राहिलं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत एकट्या बाईने गाठलेलं हे पहिलं शिखर. पहिल्या झपाट्यात आठ लाखांवर प्रती गेल्या.

(पडद्यावर: चौकड्यांचा पायघोळ सुती झगा घातलेली किटी, मागे वाद्यवृंद.)

रॉय अकफसारख्या बड्या गायकाने जॉनीला सल्ला दिला होता, बाईच्या नावावर कार्यक्रम लावू नकोस. जॉनीने तो ऐकला नाही. बायकोचं नाव जाहिरातीत वर गेलं आणि तो तिच्या शेजारी उभा राहिला. त्या काळातल्या नवऱ्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

मग यश येत राहिलं. १९५४ मध्ये रेड फोलीबरोबरचं 'वन बाय वन' पहिलं आलं. १९५५ मध्ये 'मेकिन बिलीव्ह' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मला तिचं हेच गाणं सगळ्यात जवळचं आहे. प्रेम संपलंय हे माहीत असूनही संपलं नाही असं मानत राहणारी बाई त्यात आहे, आणि तिथेही तो आवाज कुठे फुटत नाही. १९६१ मध्ये 'हार्टब्रेक यूएसए' पुन्हा पहिलं.

मार्च १९६३ मध्ये विमान अपघातात गायिका पॅट्सी क्लाइन गेली. तिच्या स्मृतिसभेला निघालेला जॅक अँग्लिन मोटार अपघातात गेला. जॉनीचा पाव शतकाचा जोडीदार. त्यानंतर जॉनी आणि किटी यांनी दौरे चालूच ठेवले, आता मुलांनाही बरोबर घेऊन.

१९७६ मध्ये ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कंट्री संगीतातल्या मानाच्या नावांत, गेली. १९९३ साली डॉली पार्टन, लोरेटा लिन आणि टॅमी वायनेट या तिघींनी मिळून अल्बम केला, तेव्हा ते जुनं गाणं म्हणायला त्यांनी किटीलाही सोबत घेतलं. तिघीही स्वतःच्या नावावर सभागृहं भरवणाऱ्या.

(पडद्यावर: रिकामा रंगमंच, दोन माइक.)

३१ डिसेंबर २०००. नॅशव्हिल. एक्क्याऐंशी वर्षांची किटी आणि तिच्याहून मोठा जॉनी यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. जॉनी सप्टेंबर २०११ मध्ये गेला, लग्नाला चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. किटी १६ जुलै २०१२ ला.

(सुई पुन्हा टेकते. स्टील गिटार. मग तो आवाज, गाणं संपेपर्यंत.)