विहिरीसाठी भरलेली जत्रा

वुडस्टॉक म्हटलं की चिखल, गिटारी आणि केसांत फुलं माळलेली लाखोंची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण ऑगस्ट 1969चा तो संगीत महोत्सव वुडस्टॉक या गावात झालाच नाही. तो भरला इथून शंभरेक किलोमीटरवर, बेथेलमध्ये, मॅक्स यास्गर नावाच्या गाईवाल्या शेतकऱ्याच्या रानात. गावाचं नुसतं नाव वापरलं गेलं. गावातल्या टिंकर स्ट्रीटवर शांतिचिन्हाचे रंगीबेरंगी टी-शर्ट मात्र आजही खपतात. खपोत बापडे.

न्यूयॉर्क राज्यातल्या या गावाची खरी जत्रा 1915ची. हर्वी व्हाइट हा लेखक एका श्रीमंताने काढलेल्या बर्डक्लिफ या कलावसाहतीत होता. तिथल्या शिस्तीला कंटाळून त्याने वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं मॅव्हरिक. साधी लाकडी खोपटं, भाडं किरकोळ. पाण्यासाठी विहीर खणली आणि डोक्यावर कर्ज झालं. ते फेडायला सोंगं, नाटक, गाणीबजावणी यांची जत्रा भरवली. ती 1931पर्यंत दरवर्षी भरत राहिली.

पहिल्या जत्रेनंतर दुसऱ्याच वर्षी, 1916मध्ये, झाडीत लाकडी सभागृह उभं राहिलं. आजही दर उन्हाळ्यात तिथे मैफली होतात. रंगमंचावरचा हा उंच घोडा पाहा. जॉन फ्लॅनगन या शिल्पकाराने 1924मध्ये चेस्टनटच्या एका अख्ख्या खोडातून तो मुख्यतः कुऱ्हाडीने घडवला. मजुरी तासाला 50 सेंट. कलावंत म्हणून एक पैसा जास्त नाही, आणि कमीही नाही.

याच सभागृहात 29 ऑगस्ट 1952 रोजी अमेरिकन संगीतकार जॉन केजची रचना सादर करायला डेव्हिड ट्युडर पियानोपुढे बसला आणि 4 मिनिटं 33 सेकंद त्याने एकही पट्टी दाबली नाही. रचना हीच: वादक गप्प, आणि आजूबाजूचे आवाज हेच संगीत. बाहेर वारा. मग छपरावर पाऊस. शेवटी श्रोत्यांची कुजबुज, काही जण तर उठून गेले. हिप्पी हा शब्दही तेव्हा रुळला नव्हता.

याच गावात राहणारा, ‘द बँड’ या रॉक चमूचा ड्रमर लेव्हन हेल्म याला घशाचा कर्करोग झाला. दवाखान्याची बिलं थकली, तेव्हा 2004पासून त्याने आपल्या घरच्या लाकडी कोठारातच मैफली सुरू केल्या. तिकीट काढून येणारे घरून काहीबाही रांधूनही आणत.

2020मध्ये महासाथ आली आणि न्यूयॉर्क शहरातले पैसेवाले इथे घरं घेऊ लागले. भाडी चढली. संध्याकाळी गावात वाजवणाऱ्या कित्येकांना गावात राहणं परवडेना. व्हाइटच्या खोपटाचं भाडं वादकाला झेपत होतं, म्हणून तर ते सभागृह बांधायला हात मिळाले.