हात एकाचे, गळा दुसऱ्याचा

[पडद्यावर अंधार. फक्त यंत्रमागांचा आवाज.]

हा आवाज थोडा वेळ ऐका.

[दहा सेकंद निवेदन नाही.]

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा आवाज चालू आहे हे जाणवतच नाही. तो थांबला की जाणवतं. रात्री दोन वाजता माग बंद पडले, तर घरातलं म्हातारं माणूस उठून बसतं आणि अंधारातच विचारतं, "लाइट गेली का रे?"

[दृश्य: कारखाना. टॉवेलचे माग. भिंतीतल्या कोनाड्यात टेपरेकॉर्डर.]

हा माझ्या मित्राचा कारखाना. वडिलांनी उभा केलेला, आता तो चालवतो. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि कामगारांशी दोन्ही मिसळून, वर थोडं कन्नड. दिवसभर माग, आणि संध्याकाळी भजनाला तबला. शाळेत असताना मार्कंडेय मंदिरात तो तबल्यावर बसला, तो आजतागायत उठलेला नाही.

कोनाड्यातला टेपरेकॉर्डर बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलाय. कारखान्यात सुताचं तूस सतत उडत असतं, ते टेपच्या हेडमध्ये गेलं की आवाज बसतो. म्हणून बटणंसुद्धा पिशवीवरूनच दाबायची.

२००१ साली याच टेपवर मी पहिल्यांदा 'कंदीसा' ऐकलं. मित्रानं पुण्याहून कॅसेट आणली होती. दिल्लीचा बँड, नाव इंडियन ओशन. रॉक म्हणजे गिटारचा कल्लोळ आणि इंग्रजी गाणी, एवढीच आमची समजूत होती. आणि इथं गिटार होती, बास होता, ड्रम होते, आणि या सगळ्यांच्या मधोमध तबला होता. चवीपुरता टाकलेला नव्हे. गाणं त्याच्यावर उभं होतं. 'मा रेवा' हे नर्मदेचं पारंपरिक गाणं. बँडचा बासवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, तिथून ही नदी या बँडमध्ये आली. आणि 'कंदीसा' ही तर सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना, अरामी भाषेतली. त्यातला एक शब्द आम्हाला कळत नव्हता. मागांच्या खडखडाटात आम्ही दोघं ती प्रार्थना ओरडून म्हणायचो. कामगार हसायचे. महिन्याभरात तेही म्हणायला लागले.

[दृश्य: तबल्याचा जवळून शॉट. शाई, चाट, वाद्या.]

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड सुरू केला. पुढच्या वर्षी राहुल राम आला, १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम. ही चौकडी मग पंधरा वर्षं मोडली नाही. आपल्याकडे बँड दोन वर्षांत फुटतात, तेव्हा ही गोष्ट साधी नाही.

पण मला सांगायचंय ते असीम चक्रवर्तींबद्दल. हा माणूस तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा.

ऐकायला सोपं वाटतं. गिटार वाजवत गाणारे शेकडो आहेत, पेटी वाजवत गाणारे तर आपल्या गल्लोगल्ली आहेत. तबल्याचं तसं नाही. गाणारा शब्द ओढतो, मागं ठेवतो, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा आधी सोडतो. त्यानं हे सगळं करावं म्हणून तर तबल्यानं ठाम राहायचं असतं. एक भटकतो, कारण दुसरा जागेवर असतो. आता ही दोन्ही कामं एकाच शरीराला सांगा. गळ्यानं मागं रेंगाळायचं, आणि हातांनी एक मात्राही हलायचं नाही. डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर दाबून घुमारा काढताना पोटात जोर येतो, आणि नेमका तेव्हाच श्वास मोकळा सोडून वरचा सूर लावायचा. माझा मित्र म्हणायचा, "माणसाला दोन मेंदू पाहिजेत बे."

शेजारी ड्रम असताना तबला ऐकू येणं हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. ड्रमच्या एका ठोक्याखाली तबल्याचे चार बोल गाडले जातात. अमित किलमनं तबल्याला जागा सोडून वाजवलं, हे त्याचं मोठेपण मला फार उशिरा कळलं.

२००३ चा 'झीनी' हा अल्बम, मग 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाची गाणी. त्यातलं 'बंदे' पीयूष मिश्रांनी लिहिलेलं. ते गाणं कॉलेजच्या पोरांच्या मोबाइलमधून सात रस्त्याला, पार्क चौकात ऐकू यायला लागलं, तेव्हा आम्हाला उगाच आपलं कुणी मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

त्यांना समोर बसून ऐकायचं, हे आमचं ठरलेलं होतं. २००८ मध्ये पुण्याला कार्यक्रम होता. पैसे बाजूला काढले होते. त्याच आठवड्यात मित्राला टॉवेलची मोठी ऑर्डर आली, माल वेळेत द्यायचा होता. तो म्हणाला, "पुढच्या टायमाला जाऊ की." मीही म्हणालो, जाऊ.

[दृश्य: कारखाना. माग बंद. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड. हात धागे जोडतायत.]

२६ डिसेंबर २००९, शनिवार. लोडशेडिंगचे दिवस. मी कारखान्यात गेलो तेव्हा माग बंद होते आणि मित्र खिडकीपाशी बीम जोडत बसला होता. हे काम तुम्ही पाहिलं नसेल, म्हणून मुद्दाम दाखवतोय. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नवं बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला रूळ, चढवतात, आणि जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याला नव्या बीमचा एकेक धागा हातानं जोडतात. हजारावर धागे. याला लाइट लागत नाही, डोळे आणि बोटं लागतात. एक धागा चुकला तर टॉवेलच्या अंगावर शेवटपर्यंत रेघ.

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "असीम चक्रवर्ती गेला बे. काल. हार्ट अटॅक." पुण्याच्या कुणा दोस्ताचा मेसेज आला होता.

बोटं चालूच होती. मी शेजारी बसलो. माग बंद असल्यामुळं कारखान्यात इतकी शांतता होती, की धागा पिळताना बोटांचा बोटांवर घासल्याचा आवाज येत होता.

२०१० मध्ये बँडनं '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम काढला. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करायचे, त्या घराचा हा पत्ता. असीम असताना ध्वनिमुद्रित झालेली ही शेवटची गाणी. बँडनं ती विकली नाहीत. दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट दिलं. आम्ही नवी पेठेतल्या सायबर कॅफेत जाऊन ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचो. गेलेल्या माणसाचा आवाज दर महिन्याला नव्यानं यायचा. ते महिने विचित्र होते, आणि मला ते हवेहवेसेही होते.

[दृश्य: सोलापूर स्टेशन, पहाट.]

२०११, फेब्रुवारी. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, नुकताच उठला होता, होम मैदानावर पाळण्यांचे खड्डे अजून बुजले नव्हते. या वेळी ऑर्डर असो नसो, जायचंच होतं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याला येरवड्यात फाशी दिली. ही गाडी त्यांच्या नावाची, आणि ती पुण्यालाच जाते. सोलापूरकर या गाडीत बसतो, तेव्हा रोज काही हे आठवत नाही. मला त्या दिवशी आठवलं.

एका कॉलेजचं मैदान. पुढं विशीतली पोरं, मागं आमच्यासारखे. मंचावर सुस्मित, राहुल, अमित. आणि असीमच्या जागी दोन माणसं. गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहिन चक्रवर्ती.

ज्या माणसाला आपण प्रत्यक्ष कधी पाहिलंच नाही, त्याची जागा रिकामी दिसते का? मला दिसली. हिमांशूचा गळा सुरेल, तुहिनचा हात स्वच्छ. कुणी कुणाची नक्कल करत नव्हतं, आणि याबद्दल मला त्या दोघांविषयी आदर वाटला. असीमसारखं गायचा प्रयत्न झाला असता, तर मी उठून गेलो असतो. तरी पहिली दोन गाणी माझ्या कानात कॅसेटच वाजत होती. समोरचं ऐकू यायला तिसरं गाणं उजाडलं.

मित्र मात्र टाळ्या वाजवत नव्हता, गात नव्हता, फक्त बघत होता. तबलजी माणूस, तो हातांकडं बघणार. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पोरगं भारी वाजवतंय. पण बघ, त्याला गाणाऱ्याकडं बघावं लागतंय."

मग मीही बघायला लागलो. ओळ कुठं संपणार, शब्द कुठं पडणार, हे हेरायला तबल्यावरचा माणूस मान वळवत होता. गाणारा त्याला डोळ्यांनी खूण देत होता. आम्ही असीमच्या जेवढ्या क्लिपा पाहिल्या होत्या, त्यांत तो कुणाकडंच बघत नसे. डोळे मिटलेले असायचे. बघणार कुणाकडं? गाणाराही तोच होता.

'कंदीसा' सुरू झालं. ती प्रार्थना सावकाश चढते. पुढच्या पोरांनी ती म्हणायला सुरुवात केली, मग मैदानानं. भाषा कुणाला येत नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. माझ्या शेजारी मित्र पहिल्यांदा तोंड उघडून गात होता. कारखान्यात मागांवरून ऐकू जावं म्हणून ओरडायचा, तसाच. इथं माग नव्हते, तरी तो ओरडत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्यानं पुसलं नाही.

पुढं २०१३ मध्ये सुस्मित सेनही बँडमधून बाहेर पडले, गिटारवर निखिल राव आला. बँड अजून वाजवतोय.

[दृश्य: रात्र. पुणे स्टेशनचा फलाट.]

परतीची हुतात्मा संध्याकाळीच निघून गेलेली. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री दोनच्या सुमाराला. फलाटावर बसून आम्ही बरोबर आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मित्रानं रिकामा स्टीलचा डबा पालथा घालून मांडीवर घेतला.

गाडीत दाराजवळ, खाली पेपर अंथरून बसलो. दौंड गेलं. तो डब्यावर ठेका धरून 'कंदीसा' म्हणायला लागला. हात आणि गळा, दोन्ही. चार मात्रा झाल्या की शब्द हाताबरोबर पडायला लागायचा. शब्द सांभाळला की हात थांबायचा. तीस वर्षं तबला वाजवलेला माणूस, डोळे मिटून, पुन्हा पहिल्यापासून. भिगवण गेलं, जेऊर गेलं. तो बोलत नव्हता. फक्त चुकलं की डब्यावर एक थाप मारून परत सुरू करायचा.

कुर्डुवाडीला चहावाला चढला. आम्ही चहा घेतला. बाहेर अजून अंधारच होता. त्यानं कप खाली ठेवला, डबा पुन्हा मांडीवर घेतला आणि माझ्याकडं मान वळवली.

"तू म्हण," तो म्हणाला. "मी वाजवतो."