भूकंपात वाचलेली इमारत पाडावी का लागते?

अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे मान्यवर आणि मित्रहो,

या परिषदेत सादर होणाऱ्या निबंधांचे सारांश मी वाचून काढले. त्यांचे सरळ दोन ढीग पडतात. एकात सिमेंट कमी कसं करायचं, जुनं पोलाद पुन्हा कसं वापरायचं, इमारतीचा कार्बन, म्हणजे ती बांधताना हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड, कसा मोजायचा हे विषय. दुसऱ्यात भूकंप, वादळ, पूर, आग. दोन्हीकडे चांगलं काम आहे. पण पहिल्या ढिगातला माणूस दुसऱ्याच्या सत्राला सहसा फिरकत नाही. दोघांची गाठ पडते ती चहाच्या टेबलाशी, आणि तिथे कुणी कार्बन काढत नाही, भूकंपही काढत नाही. आज मला या दोघांना समोरासमोर बसवायचं आहे. कारण त्यांचं भांडण खरं आहे.

कार्बनवाला म्हणतो, माल कमी लावा. १५० मिलिमीटरच्या स्लॅबवर भागतंय तर २०० कशाला? आपत्तीवाला म्हणतो, थोडं हातचं राखा, उद्याचा धक्का तुमच्या गणिताला विचारून येणार नाही. दोघंही बरोबर वाटतात. म्हणून बहुतेक वेळा आपण मधला आकडा धरतो आणि पुढे जातो. मला वाटतं, तिथेच आपली गल्लत होते. किती माल लावला यापेक्षा तो कुठे लावला आणि बिघडल्यावर तिथवर हात पोचतो का, हे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

क्राइस्टचर्चचं उदाहरण घेऊ. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी न्यूझीलंडच्या या शहराला भूकंपाचा धक्का बसला. १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. त्या इमारतीच्या डिझाइनमध्येच दोष होते, ते चौकशीत निघाले. तो वेगळा विषय आहे. मला बोलायचं आहे ते न कोसळलेल्या इमारतींबद्दल.

आपली भूकंप-संहिता नेमकं काय कबूल करते, हे आपण सामान्य माणसाला कधी नीट सांगत नाही. मोठ्या भूकंपात इमारत शाबूत राहील, असं ती म्हणत नाही. माणसं जिवंत बाहेर पडतील, एवढंच म्हणते. त्यासाठी आपण बीमची टोकं मुद्दाम शरण जाऊ देतो. तिथली सळई ताणली जाते, काँक्रीट फुटतं आणि धक्क्याची ऊर्जा त्यात जिरते. कॉलम मात्र बीमपेक्षा बळकट ठेवतो, म्हणजे मजला मजल्यावर बसत नाही. हे कपॅसिटी डिझाइन. ते जगाला ज्यांनी शिकवलं, त्यांत रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले ही दोन नावं अगदी वरची, आणि दोघंही प्राध्यापक होते ते याच शहरातल्या कँटरबरी विद्यापीठात. त्यांची विद्या त्या दिवशी कामाला आली. कितीतरी बहुमजली इमारतींनी शब्द पाळला आणि लोक जिन्यावरून खाली आले.

मग इंजिनिअर आत गेले. एखाद्या भिंतीच्या तळाशी एकच रुंद भेग दिसायची. भेगा अनेक आणि बारीक असत्या तर ताण सळईच्या लांबीवर वाटला गेला असता. इथे सगळा ताण त्या एका भेगेतल्या काही सेंटिमीटर सळईने सोसलेला. भेगेत इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट पदार्थ, भरता येतं, पण आतल्या सळईत आणखी किती दम उरलाय, हे कोण लिहून देणार? पुढच्या धक्क्याला ती टिकेल अशी सही कोण करणार? त्यात जमिनीखालची वाळू पातळ होऊन काही इमारती कललेल्या. विमा कंपन्यांचा हिशेब वेगळाच. दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीची खात्री, दोन्ही गुलदस्त्यात असल्यावर पाडणं सोपं पडतं. शहराच्या मध्यभागातल्या निम्म्याहून अधिक बहुमजली काँक्रीट इमारती शेवटी पाडल्या गेल्या. मध्यभागाभोवतीचा बंदोबस्त पूर्ण उठायला २०१३ चा जून उजाडला.

आता कार्बनवाल्याला मी विचारतो, या इमारतींचा हिशेब तुझ्या वहीत कुठे आहे? सिमेंट भाजून झालं, पोलाद वितळवून झालं. पन्नास वर्षं वापरायची म्हणून ते चालवून घेतलं होतं. त्यातल्या काही इमारतींचं वय त्याच्या निम्मंही नव्हतं. सगळा राडारोडा उचलला आणि पुन्हा सिमेंट-पोलाद नव्याने लावलं. या नासाडीपुढे काँक्रीटच्या मिश्रणातलं सिमेंट दहा टक्क्यांनी कमी केल्याची बचत कुठल्या कुठे वाहून जाते.

गंमत अशी की याचं एक उत्तर न्यूझीलंडमध्येच तयार होतं. तिथल्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात शिसं घातलेलं रबर बेअरिंग, म्हणजे इमारतीखाली बसवायची बैठक, शोधलं. रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक चिकटवलेले आणि मधोमध शिशाचा दंडगोल. रबर इमारतीला जमिनीपासून आडवं सरकू देतं, शिसं त्या हालचालीत ऊर्जा खातं. शिसंच का? कारण ते साध्या तापमानालाच पुन्हा स्फटिकरूप घेतं. पोलादाची सळई वाकवली की ती थकवा साठवत जाते. शिसं वाकलं की थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखं होतं. मला हा शोध आपल्या धंद्यातल्या सगळ्यात देखण्या शोधांपैकी वाटतो. आणि २०११ मध्ये क्राइस्टचर्चमध्ये अशा बेअरिंगवर उभी असलेली इमारत होती फक्त एक, स्त्रियांचं रुग्णालय. ते चालू राहिलं. शहर नव्याने बांधताना मग बेस आयसोलेशनची, म्हणजे इमारत अशी जमिनीपासून सुटी ठेवण्याची, मागणी वाढली.

सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजच्या २०१३ मध्ये सुरू झालेल्या पूर्वेकडच्या नव्या पुलावर हाच विचार वेगळ्या तऱ्हेने केलाय. मुख्य मनोरा चार पायांचा आहे आणि ते पाय एकमेकांना पोलादी दुव्यांनी जोडलेत. मोठ्या भूकंपात दुवे वाकायचे, पाय शाबूत राहायचे. दुवे बदलता येतात. घरातल्या फ्यूजसारखं. नुकसान होणारच असेल तर ते कुठे व्हावं हे आपण ठरवायचं, आणि ती जागा अशी निवडायची की मिस्त्री शिडी लावून तिथे पोचू शकेल.

आता आपत्तीवाल्याची पाळी. त्याला वाटतं, माल जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त. केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पोलादी सांगाड्याच्या २३ इमारतींमधले दहा हजारांवर बीम तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. बीमच्या क्षमतेचा सरासरी निम्म्याहूनही कमी भाग वापरात होता. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सगळीकडे बीमचा एकच सेक्शन, म्हणजे एकच आकार, ठेवला की ड्रॉइंग लवकर होतं, खरेदी सोपी, साइटवर गोंधळ नाही. मीही ते केलंय, तुम्हीही केलंय. पण हा जादा माल कुणी विचार करून राखलेला नसतो. बीम दुप्पट बळकट आणि त्याला कॉलमशी जोडणारा जोड जेमतेम, अशी रचना आपत्तीत बीमच्या बळावर तरत नाही.

इटलीतल्या जेनोआचा मोरांदी पूल १९६७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याचा एक भाग कोसळला आणि ४३ माणसं मेली. त्या पुलात काँक्रीट काही कमी नव्हतं. कमी होते ते भार वाहून नेण्याचे मार्ग. मनोऱ्याच्या प्रत्येक बाजूला मोजके स्टे, म्हणजे पुलाला वरून तोलून धरणारे तिरके ताण, एक तुटला की सगळ्याचा तोल गेला. आणि ते स्टे पोलादी तारांचे, पण काँक्रीटच्या वेष्टनात बंद. तार गंजतेय की नाही हे बाहेरून दिसायची सोय नाही. ११ क्रमांकाच्या मनोऱ्याला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरून नव्या केबल बसवल्या होत्या. कोसळला तो ९ क्रमांकाचा.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचंही असंच. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तीन समांतर पट्ट्यांपैकी एक एल्ब नदीत पडली. शेवटची ट्राम काही मिनिटंच आधी गेली होती, म्हणून कुणी दगावलं नाही. दोन पट्ट्यांची दुरुस्ती झाली होती, तिसरीची पाळी यायची होती. आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीट आवळून धरायला आधीच ताणून ठेवलेल्या, पोलादाला ताण-गंजाने (ताण आणि गंज यांच्या एकत्र परिणामाने) भेगा पडल्या होत्या.

गंजावरून सिमेंटकडे येतो. इथे दोन्ही ढिगांचं नातं सगळ्यात गुंतागुंतीचं आहे, आणि सगळ्यात कमी बोललं जातं.

जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के सिमेंटचं. भट्टी १४५० अंशांवर चालते, त्याचं इंधन आहेच. पण मोठा वाटा चुनखडीचा. एक हजार किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६० किलो चुना उरतो आणि ४४० किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी सूर्यप्रकाशावर चालवली तरी हे ४४० किलो जाणारच. म्हणून क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भट्टीतला भाजलेला माल, कमी करणं हाच मार्ग. त्याच्या जागी फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) आपण वापरतो, पण कोळशाची वीजकेंद्रं आणि झोतभट्ट्या कमी होतील तसा तो पुरवठाही आटणार. एलसी३ हे सिमेंट त्यामुळे महत्त्वाचं. क्लिंकर निम्मं, भाजलेली चिकणमाती सुमारे ३० टक्के, १५ टक्के चुनखडीची भुकटी, बाकी जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजते. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारत इथल्या प्रयोगशाळांनी ते मिळून पुढे आणलं.

समुद्राजवळ, खाऱ्या हवा-पाण्यातल्या क्लोराइडशी झुंजायला एलसी३ उत्तम. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरतो तेव्हा त्याला अडवायला आत मोकळा चुना हवा असतो, आणि या सिमेंटमध्ये तो कमी उरतो. काँक्रीटचा पीएच, म्हणजे अल्कलीपणाचं माप, साडेबारा-तेराच्या आसपास आहे तोवर सळईवर संरक्षक थर असतो. तो नऊच्या खाली आला की थर जातो आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. म्हणजे कार्बन वाचवायला आणलेलं सिमेंट काही ठिकाणी आयुष्य कमी करू शकतं. मग काय, ते टाकून द्यायचं? अजिबात नाही. गणित करा. कार्बोनेशनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याची, खोली काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. समजा २५ मिलिमीटरचं कव्हर ओलांडायला ३० वर्षं लागतात. कव्हर ३५ केलं तर जवळपास ५९ वर्षं लागतील. दहा मिलिमीटरमध्ये आयुष्य दुप्पट! हे दहा मिलिमीटर म्हणजे खरा राखीव माल. पण साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी (सळई उचलून धरणाऱ्या ठोकळ्याऐवजी) दगडाची कपची सरकवलेली असेल आणि सळई शटरिंगला टेकलेली असेल, तर तुमचं कमी कार्बनचं मिक्स आणि माझं वर्गमूळ, दोन्ही कागदावरच. क्युरिंग, म्हणजे काँक्रीटला पाणी मारणं, तीन दिवसांत आटोपलं तरी तेच.

पुराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दुपारचं सत्र त्याच विषयावर आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. पन्नास वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ३९ टक्क्यांच्या वर जाते, तीही पाऊसमान बदललं नाही असं धरून. आणि पूल बहुधा पाण्याच्या जोराने मोडत नाहीत, पायाखालची माती वाहून गेल्याने बसतात. ती माती पाण्याखाली असते. पुन्हा तोच प्रश्न, बघणार कोण आणि कसं?

माझी या परिषदेकडून एक मागणी आहे. पहिल्या ढिगातल्या निबंधांमधली कार्बनची कोष्टकं मी पाहिली. बहुतेक ए१ ते ए५ वर संपतात, म्हणजे खाणीपासून बांधकाम पुरं होईपर्यंत. युरोपीय मानकात पुढे बी आणि सी आहेत, म्हणजे वापर, दुरुस्ती, पाडकाम. ते रकाने भरले तरी भूकंपाने झालेलं नुकसान त्यात सहसा येत नाही. दुसऱ्या ढिगातले लोक नुकसानीचा अंदाज काढतात, पण तो पैशांत आणि दिवसांत. फेमा पी-५८ ही भूकंपातल्या नुकसानीच्या अंदाजाची अमेरिकी पद्धत तोच अंदाज कार्बनमध्येही काढू शकते. साधन हाताशी आहे, वापरणारे थोडे.

तेव्हा आजपासून प्रत्येक सत्रात कुणीतरी हात वर करावा. कार्बनच्या सत्रात विचारा की डिझाइन करताना धरलेला भूकंप येऊन गेल्यावर ही इमारत ठेवणार की पाडणार, आणि पाडणार असाल तर कोष्टकात तो आकडा कुठे आहे. भूकंपाच्या सत्रात विचारा की हा जोड बदलायचा झाला तर छत न फोडता तिथे पोचता येतं का, आणि लावलेल्या जादा पोलादाचा कार्बन किती. उत्तर नसेल तर नसेल, पण इतिवृत्तात प्रश्न नोंदवून ठेवा. दुपारच्या पहिल्या सत्रात एलसी३ वर दोन निबंध आहेत. तिथे कव्हरचा प्रश्न मीच विचारणार आहे, तेव्हा तो सोडून दुसरा शोधा.