उसाची टिपरी, कांद्याचं मूळ आणि पेशीची वाटणी

हा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा भागातला ऊस. सरीत दोन डोळ्यांची टिपरी मांडलीय, काही दिवसांत डोळा फुगून कोंब वर येईल आणि कांडीवरच्या ठिपक्यांतून मुळ्या सुटतील. यात बी कुठंच नाही. को ८६०३२ या जातीची टिपरी लावली की को ८६०३२ च उगवतो, त्याचंच बेणं पुढच्या साली लावलं तरी तोच, कारण त्या डोळ्यातली प्रत्येक नवी पेशी मायटोसिसने म्हणजे सूत्री विभाजनाने झालेली असते आणि जुन्या पेशीतली सगळी गुणसूत्रं, म्हणजे गुण वाहून नेणारे डीएनएचे धागे, तिला जशीच्या तशी मिळतात.

ही वाटणी प्रत्यक्ष बघायची तर ऊस अवघड पडतो, त्याच्या एका पेशीत शंभरावर गुणसूत्रं आणि तीही बारकी. म्हणून लॅबमध्ये कांदा घेतात, त्याची फक्त १६ असतात आणि चांगली लांब, जाड.

कांद्याचं बूड पाण्याला टेकवून ठेवलं की पांढऱ्या मुळ्या फुटतात. त्यांचं जेमतेम दोन-तीन मिलिमीटर टोक कापायचं, वाढ तिथंच चालू असते. ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलमध्ये टाकलं की पेशी आहे त्या अवस्थेत थांबते, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने मऊ करायचं, ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब सोडायचा आणि कव्हरस्लिपवर, म्हणजे वरच्या पातळ काचेवर, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं, पण अगदी सरळ, सरकवायचं नाही.

आता सूक्ष्मदर्शकातून बघा. बहुतेक पेशींत नुसतं गोल लालसर केंद्रक दिसतंय, काहीच चाललं नाहीये असं वाटेल, पण डीएनएची कॉपी याच काळात होते, आणि पेशीचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो म्हणून स्लाइडवर अशा पेशी जास्त. इथं शेजारी गुणसूत्रं आखडून जाड झालीत, प्रत्येक जुळं, दोन सारख्या धाग्यांचं. आणि ही पेशी बघा, सगळी मधोमध एका रांगेत. मला सगळ्यात भारी हीच अवस्था वाटते, कारण इथं पेशी वाट बघते. पेशीच्या दोन्ही टोकांकडून आलेले स्पिंडलचे, म्हणजे गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या सांगाड्याचे, धागे प्रत्येक जुळ्याला दोन्ही बाजूंनी नीट पकडेपर्यंत, एक जरी सुटं राहिलं तरी, पुढं जायचं नाही. सगळी पकडली गेली की जुळी एकदम सुटतात आणि १६ इकडे, १६ तिकडे.

प्राण्यांतही हेच घडतं. वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून हे सगळं बारकाईने बघितलं आणि १८८२ साली पुस्तकात मांडलं. तुमच्या-माझ्या पेशीत १६ ऐवजी ४६, एवढंच. स्पिंडलच्या टोकांना आपल्याकडे तारककेंद्रं नावाचे बारीक ठिपके असतात, कांद्याच्या पेशीत ती नाहीत तरी तिचं काही अडत नाही.

खरा फरक शेवटी पडतो. प्राण्याची पेशी मऊ, तिच्या कमरेभोवती ॲक्टिन-मायोसिनचं कडं आवळत जातं, आपले स्नायू ज्या प्रथिनांनी आखडतात तीच ही, आणि पेशी बाहेरून आत चिमटत तुटते. वनस्पतीला बाहेरून कडक भिंत, ती चिमटणार कशी? म्हणून तिथं बरोबर उलटं, बारीक पिशव्या मधोमध येऊन एकमेकींत मिसळतात, त्यांची एक पट्टी तयार होते आणि ती आतून बाहेर वाढत जुन्या भिंतीला जाऊन भिडते. नीट बघितलं तर काही पेशींत ही पट्टी अर्धवट बांधलेली पण सापडते.

स्पिंडलच्या या धाग्यांवर माणसाचा जीवसुद्धा अवलंबून असतो. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन स्पिंडलचे धागे बनूच देत नाही, पेशी मधल्या रांगेतच अडकते आणि मरते, म्हणून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते देतात. पण सदाफुलीची पानं घरी काढा करून अजिबात घेऊ नका, झाड विषारी आहे, आणि हे औषध डॉक्टरांच्या हातून शिरेतूनच द्यायचं असतं. केसांच्या मुळातल्या पेशी पण भराभर दुभंगत असतात, त्यांनाही ते अडवतं, म्हणून त्या मुलांचे केस गळतात, आणि औषध थांबलं की बहुतेकांचे परत येतात.