बाळंतं

(दृश्य: ओला बांबू तासणारे हात. सुरीचा आवाज.)

हा बांबू रात्रभर पाण्यात होता. कोरडा तासला तर उभा चिरतो आणि चिरलेली कामटी नेमकी चांदणीच्या टोकाशी दगा देते. हे हात माझ्या वडिलांचे. आमचं घर नाशिकच्या शरणपूर रोड भागात. नाताळची चांदणी बाजारातून आणलीय, असं आमच्याकडे अजून एकदाही झालेलं नाही.

हातभर लांबीच्या दहा कामट्या. पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवायच्या, पाचही टोकं दोऱ्यानं घट्ट आवळायची. मग आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात, तिथं दोन्हींच्या मधे बोटाएवढा टेकू सरकवायचा. पाचवा टेकू बसला की सपाट सांगाड्याला एकदम पोट येतं. लहानपणी मी तेवढं बघायला जागी राहायचे.

कागद पतंगाचाच. संक्रांतीला नाशिकचं आणि येवल्याचं आभाळ पतंगांनी भरतं, म्हणून डिसेंबरातच बाजारात आसारी, म्हणजे मांजाच्या फिरक्या, आणि रंगीत ताव दिसायला लागतात. खळ मैद्याची, घरी शिजवलेली. तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत.

(दृश्य: सकाळचा शरणपूर रोड. धुकं, सायकलवरचा दूधवाला.)

शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. 19व्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं इथं वसाहत उभी केली. ख्रिस्ती झाल्यावर ज्यांना घरादाराचे दरवाजे बंद झाले, त्यांना इथं छप्पर मिळालं. पुढं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथं आली. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि हाताला काम दिलं: सुतारकी, लोहारकी. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1873 साली स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले. त्यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकबनं. 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीसोबत जे चालले, त्यांतही तो होता. या रस्त्यावरून जाताना मला ते झाड आठवतं. न पाहिलेलं.

(दृश्य: तुटक्या कुंडीत उगवलेले गव्हाचे पिवळट कोंब.)

नाताळात घरी येशूजन्माचा देखावा मांडतो, त्यातल्या गव्हाणीसाठी गवत विकत मिळतं, पण आई गहू पेरते. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी भिजवलेले गहू काळ्या मातीत टाकायचे आणि वर टोपली झाकायची. नवरात्रात शेजारच्या काकू घटाला धान पेरतात, अगदी तसंच. माती दोघींची एकाच मळ्यातून येते. नाशिकच्या थंडीत कोंब रेंगाळतात, तेव्हा आई कुंडी रात्री चुलीजवळ सरकवून ठेवते.

मरिया, योसेफ, मेंढरं शाडूची. मरियेच्या अंगावर नऊवारी आहे, आजीनं केली तेव्हापासून. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्ञानी पुरुष, मात्र गव्हाणीजवळ नसतात. ते कपाटावरून निघतात, रोज वीतभर पुढं सरकतात आणि 6 जानेवारीला पोहोचतात.

(दृश्य: मऊ, विटलेलं सुती कापड. सुई. आईचा चष्मा.)

आता ज्यासाठी मी हा कॅमेरा हातात घेतला, ते. लूककृत शुभवर्तमानात लिहिलंय, उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरियेनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बाळंतं! मराठी पवित्र शास्त्रातला हा शब्द आमच्या घरानं शब्दशः घेतलाय. दर वर्षी आई आजीच्या जुन्या लुगड्यातून एक बाळंतं शिवते. नवं कापड चालत नाही. बाळाला पहिलं कापड जुनंच लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कडेनं बारीक धावदोरा, आणि गाठ बाहेरच्या बाजूला, कोवळ्या कातडीला टोचू नये म्हणून. शाडूच्या बाळाला कसली कातडी, असं मी एकदा म्हटलं होतं. आईनं उत्तर दिलं नाही, गाठ तेवढी उलटून दाखवली.

कारण ते बाळंतं पेटीत जात नाही. नाताळ झाला की ओळखीत जिथं बाळ जन्मतं, त्या घरी जातं. गेल्या वर्षीचं आमच्याच गल्लीतल्या एका पाटलांच्या घरी गेलं. त्यांच्या नातीचं बारसं त्यावरच झालं.

आजी जाऊन चार वर्षं झाली. लुगडं आता दोन हात उरलंय.

(दृश्य: 24 डिसेंबर. करंज्यांचा डबा. पेटीचे सूर, झांजा.)

महिला मंडळ रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन म्हणतंय. बाबा चांदणीतला दिवा लावतात. लाल कागदातून उजेड ओट्यावर पडतो, गल्लीतली पोरं त्यात आपले हात धरून बघतात.

बारा वाजता घरातलं सगळ्यात लहान मूल बाळाला गव्हाणीत ठेवतं. यंदा माझी भाची, पाच वर्षांची. ती श्वास रोखून बाळंतं गुंडाळते, पार डोक्यावरून.

आई पुढं होते, एका बोटानं कापड मागं सारते.

"तोंड नको झाकू गं. श्वास घेऊ दे त्याला."