पाण्याची घाई मोडणारं रान

(दृश्य: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली. आषाढातली सकाळ.)

पाऊस थांबून बराच वेळ झाला, पण झाडांखाली टपटप चालूच आहे. पानावरून पानावर, फांदीवरून खोडावर. इथे पाण्याला घाई नाही. हा पाचोळा जरा बाजूला करून पाहू. वरची पानं सुटी, खालची कुजून काळी, त्याखाली पांढऱ्या मुळ्यांचं जाळं आणि गांडुळांनी केलेली भोकं. पाणी मुरतं ते इथून. उरलेलं सावकाश ओढ्याकडे सरकतं, माती मागे ठेवत.

तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी या रानातून वाहते. पोयसर याच डोंगरातली, ओशिवरा शेजारच्या आरेतली. विहार आणि पवई तलाव भरले की जादा पाणी मिठी नदीत उतरतं.

(दृश्य: उद्यानाची हद्द. काँक्रीटच्या भिंतींमधली नदी.)

रान संपलं की भिंती सुरू होतात. छपरांवरचं, रस्त्यांवरचं पाणी काही मिनिटांत गटारात आणि तिथून थेट पात्रात. सोबत गाडीचं ऑइल, प्लास्टिक, गाळ. त्यात भरती असेल तर त्याने जायचं कुठे?

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. एवढं पाणी कुठलंच रान पोटात घेऊ शकत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण दर पावसाळ्यात आपल्या गल्ल्या तुंबतात त्या काही ९४४ मिलिमीटरने नव्हे. नेहमीच्या जोरदार सरींनीच तुंबतात. अशा सरींना नदीकाठचा झाडांचा पट्टा थोपवू शकतो.

पट्टा म्हणजे फरशीत ओळीने लावलेली शोभेची झाडं नव्हेत. रस्त्याच्या बाजूला दाट गवत हवं, म्हणजे पाणी एका धारेत न धावता पसरून येतं. मग निरगुडीसारखी झुडपं. अगदी काठाला उंबर, करंज, जांभूळ. काठाची माती धरून ठेवणारी.

(दृश्य: भिंतीतून नदीत उघडणारा पाइप.)

आणि हा पाइप. पट्टा कितीही दाट असो, पावसाळी पाणी त्याच्याखालून असं थेट नदीत सोडलं, तर वरची झाडं नुसती बघत राहतात. पाइपाचं तोंड गवताच्या अलीकडे, उताराच्या वरच्या अंगाला उघडायला हवं. त्याच्यापुढे मोठाले दगड पसरले की धारेचा जोर तिथेच मोडतो, आणि पाणी चालत्या पावलांनी गवतात शिरतं.