मेल सुटली, पण पोचली का?

(सांगलीत विश्रामबाग इथे हिशेबनीस आणि संगणक विभागातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती कापली. बाहेरगावच्या खरेदीदाराला बिल जातं. आता हे सगळं मेलने जावं आणि ज्या मशीनवर हिशेब आहे त्याच मशीनने ते पाठवावं, असं मालक म्हणतात. रास्तच आहे. पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या पीसीवरून मेल करत बसण्यात रोजचा वेळ जातो आणि चुकीची पट्टी चुकीच्या माणसाला जाण्याची भीती राहते ती वेगळीच.

आज मी आयबीएमच्या एएस/400 या धंद्याच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकाबद्दल, आणि त्यावरून मेल कशी पाठवायची याबद्दल बोलणार आहे. 1988 साली आलेलं हे मशीन. पुढे त्याची नावं बदलत गेली, 2008 पासून त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला ‘आयबीएम आय’ म्हणतात. मेल पाठवायची सोय त्यात आहेच, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

पण एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पडद्यावर ‘मेल पाठवली’ असा संदेश आला, तेव्हा मेल फक्त मशीनच्या आतल्या रांगेत गेलेली असते. तिथून ती ‘क्यूएमएसएफ’ नावाचा जॉब, म्हणजे मागे चालू असलेला प्रोग्राम, उचलतो, एसएमटीपीकडे, म्हणजे मेल नेआण करणाऱ्या सेवेकडे देतो, एसएमटीपी ती तुमच्या मेल सर्व्हरकडे नेतो, आणि मेल सर्व्हर ती समोरच्याच्या सर्व्हरवर पोचवतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ती अडू शकते. कमांड देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी एक काम करा. एएस/400 वरूनच मेल सर्व्हरच्या पोर्ट 25 ला, म्हणजे मेल घ्यायच्या त्याच्या दाराला, टेलनेट करा, म्हणजे थेट जोडणी करून हाताने टाइप करत त्याच्याशी बोला. आपल्या पीसीवरून करू नका, कारण फायरवॉलची (नेटवर्कच्या राखणदाराची) आणि मेल सर्व्हरची परवानगी बहुतेक वेळा त्या त्या मशीनच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला असते. पीसीवरून जमलं म्हणून एएस/400 वरून जमेल असं नाही. जोडणी झाली की समोरून 220 हा ‘तयार आहे’ असा आकडा येतो. काहीच आलं नाही तर पुढचं सगळं सेटिंग व्यर्थ आहे, आधी नेटवर्कवाल्याला गाठा. 220 आला की ‘हेलो’ (HELO, एकच एल) टाइप करून त्यापुढे आपल्या मशीनचं नाव द्या, 250 येईल, म्हणजे ‘ठीक आहे’. मग ‘मेल फ्रॉम’ (MAIL FROM:) आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, पुन्हा 250. मग ‘आरसीपीटी टू’ (RCPT TO:) आणि बाहेरच्या कुणाचा तरी पत्ता. खरी परीक्षा इथे होते. 250 आला तर सर्व्हर तुमची मेल बाहेर न्यायला तयार आहे. 550 आला तर बहुधा रिले, म्हणजे तुमची मेल पुढे बाहेर नेणं, नाकारलंय. अशा वेळी मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगून फक्त या एका मशीनच्या आयपीला रिलेची परवानगी घ्या. सगळ्यांना रिले मोकळं सोडू नका. स्पॅम पाठवणारे असले सर्व्हर शोधतच असतात. या संवादाचे नियम 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले, आणि त्याचा गाभा अजून तोच आहे. हा संवाद स्वतःच्या हाताने एकदा तरी टाइप करून बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इथवर आलात की मशीनवरचं काम थोडंच उरतं. टीसीपीच्या मेनूत 12 नंबरला होस्ट आणि डोमेनचं नाव नीट भरा. ‘चेंज एसएमटीपी अ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये मेल राउटर म्हणून आपल्या सर्व्हरचं नाव द्या आणि फायरवॉल ‘येस’ करा, म्हणजे बाहेरची प्रत्येक मेल त्याच सर्व्हरकडे जाईल. तिथेच जर्नलही, म्हणजे प्रत्येक मेलच्या प्रवासाची नोंदवहीही, चालू करा. ज्या युजरच्या नावाने मेल जाणार त्याची एसएमटीपीच्या डिरेक्टरीत नोंद हवी. मग एसएमटीपी बंद करून पुन्हा सुरू करा.

मेल सर्व्हर बाहेरच्या कंपनीचा असेल तर तो लॉगिन मागतो. आधीच्या टेलनेटमध्येही मग ‘आरसीपीटी टू’ला लॉगिनशिवाय 250 मिळणार नाही. त्यासाठी एसएमटीपीच्या यादीत त्या होस्टचं युजरनेम आणि पासवर्ड भरावा लागतो, शिवाय टीएलएससाठी, म्हणजे जोडणी सांकेतिक आणि सुरक्षित करण्यासाठी, सर्टिफिकेटची व्यवस्था लागते. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, 16 अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो.

मराठीत मजकूर पाठवणाऱ्यांनी एक बघावं. हे मशीन आतून एब्सिडिक ही आयबीएमची जुनी अक्षर-संकेत पद्धत वापरतं. शेतकऱ्याचं नाव देवनागरीत जायचं असेल तर मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, या मशीनवर त्याचा अक्षर-संकेत क्रमांक (सीसीएसआयडी) 1208 आहे. नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं जातील, आणि नाव नसलेली पट्टी कुणी खरी मानणार नाही.

राहता राहिला पाठवणाऱ्याचा पत्ता. तिथे कुणी न वाचणारा खोटा पत्ता टाकायची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. परत आलेली मेल त्याच पत्त्यावर येते. शेतकऱ्याच्या मुलाने आपला पत्ता एका अक्षराने चुकीचा दिला असेल तर ते तिथेच कळतं. म्हणून तो पत्ता दिवाणजींचा ठेवा, आणि रोज संध्याकाळी खातं बंद करायच्या आधी त्यांनी परत आलेल्या मेली आणि जर्नल या दोन्हींवर नजर टाकावी.